मालेत राहिलेला पस्ताना

पाच मिनिटांचं काम होतं. मुळशीहून निघायचं, वाटेतल्या माले गावात इंदूबाईच्या दारात गाडी थांबवायची, एक पुरचुंडी उचलायची आणि पौडवरून मुंबईचा रस्ता धरायचा. विमान रात्री दीडचं, पण जनार्दनराव दुपारी बाराला निघायचं म्हणून सकाळपासून घरात येरझारा घालत होते. एस.टी. चुकेल म्हणून आयुष्यभर तासभर आधी स्टँडवर जाऊन बसणारा माणूस विमानासाठी तेरा तास आधी निघाला, तर त्यात नवल नाही.

त्या पाच मिनिटांचीच ही गोष्ट. ऐकून झाल्यावर मला कारण मात्र विचारू नका. मला ठाऊक नाही.

जनार्दनराव मूळचे जालन्याकडचे. धरणाकाठच्या एका रिसॉर्टमध्ये पंप, जनरेटर, वीज हे सगळं त्यांच्या ताब्यात. वीस वर्षं झाली मुळशीला. क्षितिजा त्यांची एकुलती एक. खिडकीतून धरणाचं पाणी बघत वाढली, म्हणून असेल, पुण्यात तिनं सिव्हिल केलं आणि पुढं पाण्याचंच शिकायला गेल्या ऑगस्टमध्ये हॉलंडला गेली. देशाची पाव जमीन समुद्रापेक्षा खाली. पाणी अडवायचं शास्त्र तिथं शिकायचं नाही तर कुठं? जनार्दनरावांनी गावभर पेढे वाटले. दोन वर्षांचं शिक्षण, मग पोरगी धरणं बांधणार, असं ते रिसॉर्टवर येणाऱ्या अनोळखी पाहुण्यांनासुद्धा सांगत.

तिकीट काढलं ते नेमकं अमावास्येचं निघालं. आई, सुलक्षणाबाई, अंगणवाडीत शिकवतात. अंधश्रद्धाळू वगैरे म्हणावं तर तशा नाहीत. पण पोटची पोर इतक्या लांब जाणार आणि तीही अमावास्येला, म्हटल्यावर त्यांच्या घशाखाली घास उतरेना. "तारीख बदला," त्या म्हणाल्या. "विमान कंपनी पंचांग बघत नाही," जनार्दनराव म्हणाले. मग सुलक्षणाबाईंनी त्यांच्या आजीच्या वेळची एक तोड काढली. पस्ताना ठेवायचा.

हल्ली हे फार कुणाला माहीत नसतं. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीचा एखादा चांगला दिवस बघतात. जाणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्यात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ बांधतात आणि ती पुरचुंडी गावाबाहेर, जायच्या वाटेवर, कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवतात. म्हणजे माणूस त्या चांगल्या दिवशीच घर सोडून निघाला, असं धरायचं. मग खरोखर निघाल्यावर वाटेत थांबून ती पुरचुंडी उचलायची आणि पुढं जायचं. ग्रहांना चकवायची ही एक चलाखी आहे, दुसरं काय!

तर एकादशीच्या दिवशी सुलक्षणाबाईंनी क्षितिजाची नेहमीची हिरवी ओढणी घेतली. तिच्यात सुपारी, हळकुंड, तांदूळ बांधले आणि पोर शिकायला चाललीय म्हणून तिचा पेनही घातला. निळा, टोपण चावलेला. त्याच पेनानं तिनं बारावीपासूनच्या सगळ्या परीक्षा दिल्या होत्या. माले गावाच्या कडेला, रस्त्यापासून जरा आत, इंदूबाईचं घर. ही म्हातारी त्यांच्याकडे दरवर्षी आंबेमोहोर तांदूळ घेऊन यायची. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, घरात एकटी. तिनं पुरचुंडी घेतली आणि आतल्या कोनाड्यात ठेवली. "ठिवते जपून," म्हणाली. "मलाबी तेवढीच सोबत."

आणि निघायच्या दिवशी मालेच्या अलीकडच्या वळणावर ट्रक उलटला. दोन्हीकडून गाड्यांची रांग लागली. जनार्दनरावांनी दहा मिनिटं वाट बघितली, मग गाडी सरळ मागं वळवली आणि धरणाला वळसा घालून लोणावळ्याचा रस्ता धरला. लोणावळा आल्यावर सुलक्षणाबाई एकदम म्हणाल्या, "अहो... पुरचुंडी राहिली."

"मग? सुपारीसाठी विमान सोडू?"

मागच्या सीटवर क्षितिजा हसली. "राहू दे गं आई. पुढच्या वेळी उचलू."

आता तिथं काय झालं ते ऐका.

पहिल्या आठवड्यात क्षितिजाला वाटलं, नवी जागा आहे, होईल सवय. वाचनालयाचं काचेचं दार माणूस समोर आला की आपोआप सरकायचं. तिच्यासमोर सरकायचं नाही. ती थंडीत तशीच उभी राहायची. मागून दुसरं कुणी आलं की दार उघडायचं, मग त्याच्यामागून ती आत जायची. बिघाड असेल, असं वाटलं. पण दुकानाच्या दाराशी तसंच, दवाखान्याच्या दाराशी तसंच. तिच्याबरोबर घरात राहणारी अपूर्वा नागपूरची, बोलकी मुलगी. क्षितिजा स्वयंपाकघरात अर्धा तास बसलेली असायची आणि अपूर्वा वळून दचकायची. "अगं, तू कधी आलीस?" रोज. मग रोजचं झालं म्हणून अपूर्वानं विचारायचं सोडून दिलं.

सगळ्यात वाईट म्हणजे डोक्यात काही शिरेना. सकाळी नवाच्या तासाला ती पहिल्या रांगेत बसायची, प्राध्यापकांचे ओठ हलताना दिसायचे. तास संपल्यावर कळायचं की आपण पेनाचं टोपणच काढलेलं नाही. वही कोरी. भूक लागत नव्हती, झोप लागत नव्हती. पायांना सारखं कुठंतरी निघायचंय असं वाटायचं, म्हणून ती कालव्याच्या कडेकडेनं संध्याकाळभर चालत राहायची. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, घरची आठवण येते आहे, परदेशी मुलांचं असं होतं. ते खरंच आहे म्हणा. पण घरची आठवण आली म्हणून काचेचं दार बंद राहत नाही.

पहिल्या सत्रात ती दोन विषयांत नापास झाली. जानेवारीत फेरपरीक्षा, त्यातही गेली तर नाव काढून टाकणार होते. आयुष्यात कधी ऐंशीच्या खाली न गेलेली पोरगी. हे तिनं घरी सांगितलं तेव्हा जनार्दनराव रागावले नाहीत. त्यांनी फोन सुलक्षणाबाईंच्या हातात दिला, आणि ते तिला रागावण्यापेक्षा जड गेलं.

नाताळच्या सुट्टीत ती मुळशीला आली. दोन आठवडे राहिली. आईनं पुरणपोळी केली, धरणातला मासा आणून कालवण केलं. ती ताटात बोटं फिरवत बसायची. एका सकाळी तिच्याकडे बघत जनार्दनराव चहाचा कप हातात धरून म्हणाले, "क्षिती, तू आलीस असं वाटतच नाही गं." तिनं हसून विषय बदलला. पण तिलाही तसंच वाटत होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सुलक्षणाबाईंनी तिला जवळ बसवलं. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळं त्या विमानतळावर येणार नव्हत्या.

"इंदूबाईकडची पुरचुंडी उचलून घे उद्या. चार महिने झाले, माझा जीव तिथंच अडकलाय. नवा पस्ताना पाठवावा म्हटलं, तर पहिलाच तिथं पडलेला." त्या हळू बोलत होत्या, बाहेरच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून. "माझी आजी सांगायची ते सांगते. तू स्वतः उचलायचीस. उचलल्यावर तिथं बसायचं नाही. पुन्हा खाली ठेवायची नाही. आणि निघालीस की मागं वळून बघायचं नाही."

"ठेवली तर?"

"अगं, पण ठेवशील कशाला?"

तर असं ते पाच मिनिटांचं काम.

जानेवारीतली दुपार. भात कापून झालेला, खाचरांत नुसती धसकटं उभी होती. इंदूबाईच्या घराच्या बाजूला पेंढ्याची उडवी रचलेली होती आणि त्या पेंढ्याचा गोडसर वास उन्हात पसरलेला होता. जनार्दनरावांनी गाडी दारापर्यंत आणली, पण वळवायला जागा कमी. "तू घेऊन ये, मी गाडी वळवून ठेवतो," ते म्हणाले. एवढ्यात रिसॉर्टवरून फोन आला, कुठलातरी पंप बंद पडला होता, आणि ते कानाला फोन लावून स्टिअरिंग फिरवू लागले. क्षितिजाची पर्स, पासपोर्ट, फोन सगळं सीटवर. ती मोकळ्या हातांनी उतरली.

इंदूबाई उंबऱ्यातच बसली होती, सुपात तांदूळ घेऊन.

"आलीस व्हय? लई येळ लावलास."

"हो मावशी. पुरचुंडी न्यायला आले."

"न्हे की. आत हाय, तिच्यापाशी."

"कुणापाशी?"

म्हातारीनं तांदळातला खडा उचलून अंगणात टाकला. "आत जा. तूच उचल. मी हात न्हाई लावत त्येला."

कुणी नातेवाईक आली असेल, भाची वगैरे, असं क्षितिजाला वाटलं. तिनं बूट काढले, उंबऱ्याशी ठेवले आणि आत पाऊल टाकलं.

बाहेर रणरण नसली तरी ऊन होतं, आणि आत थंडी. आपल्याकडे मातीच्या घरात गारवा असतो तसा गारवा नव्हे. बोटं आखडणारी थंडी. आणि वास... क्षितिजा मधल्या खोलीतच थांबली. शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास नाही, कणगीतल्या भाताचा नाही. ओल्या लोकरी कोटांचा आणि यंत्रातल्या कडू कॉफीचा. तिकडे वर्गाबाहेरच्या लांब बोळात यायचा, तो. माले गावात, म्हातारीच्या घरात तो कुठून यावा?

आतल्या खोलीतून खरखर असा आवाज येत होता. थांबत होता, पुन्हा येत होता. कणगीत उंदीर असेल. पण उंदीर असा ओळीच्या शेवटी थांबल्यासारखा थांबत नाही.

"कोण आहे?" तिनं विचारलं.

आवाज बंद झाला.

ती आत गेली. खोलीत कुणी नव्हतं. एक बुटकी खिडकी, तिच्याखाली दोन विटांवर टाकलेली फळी, फळीपुढे गोधडीची घडी घातलेली, बसायला घेतात तशी. फळीवर तिचा निळा पेन पडला होता. टोपण काढलेला. आणि कोनाड्यात ती हिरवी पुरचुंडी, जशीच्या तशी गाठ मारलेली.

पेन बाहेर कसा आला, हा विचार तिच्या मनात आला आणि गेला. तिनं हात लांबवून पुरचुंडी उचलली.

गरम होती ती. नुकतंच कुणीतरी मांडीवरून उतरवून ठेवल्यासारखी. आणि हातात येताच क्षितिजाला जे वाटलं ते सांगायचं तर, चार महिन्यांत पहिल्यांदा तिचे पाय जमिनीला टेकले. कानात बसलेला दडा सुटावा तसं सगळं ऐकू यायला लागलं. बाहेर बाबांचं फोनवरचं बोलणं, सुपातल्या तांदळाची सळसळ. पोटात खड्डा पडला, आणि तिच्या लक्षात आलं की ही भूक आहे. खरी भूक. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आई म्हणत होती ते खरं होतं. आता नीट होईल, असं तिला वाटलं. आता जाईन, अभ्यास करीन, पास होईन.

त्याच वेळी निघाली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण फळीच्या बाजूला वह्यांची चळत होती. शाळेतल्या असतात तशा दोनशे पानी, सात-आठ. वरच्या वहीचं पान वाऱ्यानं उलटं झालं होतं आणि त्यावर एक आकृती होती. बांधाचा छेद, त्यातून झिरपणारं पाणी, बाणाच्या खुणा, बाजूला समीकरण. क्षितिजा वाकली. हेच ते प्रकरण. याच प्रश्नावर ती नापास झाली होती. आणि खाली अक्षर तिचं होतं.

तिचंच. इंग्रजी 'आर'ला घातलेला तो उगाचचा फाटा, 'जी'ची लांब शेपटी.

तिनं एका हातानं पान उलटायचा प्रयत्न केला. वही फळीवरून घसरायला लागली. दोनच मिनिटं, असं म्हणून तिनं पुरचुंडी गोधडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी वही धरली. मग खाली बसली.

कुणाही विद्यार्थ्यानं हेच केलं असतं. परीक्षा दहा दिवसांवर आली आहे, आणि न ऐकलेल्या प्रत्येक तासाची टिपणं समोर आहेत, तारीखवार, नऊ सप्टेंबरपासून. एकही तास सुटलेला नाही. प्राध्यापकांनी मधेच केलेला विनोदसुद्धा कंसात लिहिलेला. ती अधाशासारखी वाचत गेली. आणि वाचता वाचता टिपणांच्या मधल्या मोकळ्या ओळींत मराठी दिसायला लागलं, बारीक अक्षरात.

*आज दार उघडलं नाही. मागून एक म्हातारी आली तेव्हा उघडलं.*

क्षितिजाचे हात थांबले.

*अपूर्वा पुन्हा दचकली. मी बोलले नाही.*

*भूक नाही. कालव्याच्या कडेनं तीन तास चालले.*

*आज आईशी बोलताना रडू आलं. कॅमेरा बंद केला.*

हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणालाही नाही. तिनं दारातून बाहेरच्या उजेडाकडे बघत हाक मारली, "मावशी... या वह्या कुणाच्या?"

"तिच्या की." इंदूबाईचा आवाज शांत होता. "म्हैन्याला दोन आनून देती मी. दुकानवाला म्हंतो, म्हातारे, शाळंत जातीस का काय? दुपारी दीड वाजला की बसतीया लिवायला. तवा हाक मारून उपेग न्हाई. वर मान करत न्हाई ती."

दुपारी दीड. म्हणजे तिकडचे सकाळचे नऊ.

क्षितिजानं सगळ्यात नवी वही ओढली. तिचं शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. वर आजची तारीख. शाई ओली होती, तिच्या अंगठ्याला लागली.

*बाबा गाडी वळवताहेत. मी बूट काढले. आत आले. इथं तिकडचा वास येतोय.*

*पुरचुंडी उचलली. भूक लागली.*

*वह्या वाचतेय.*

आणि त्याच्या खाली, पानाच्या तळाशी, शेवटची ओळ:

*मी पुरचुंडी खाली ठेवली.*

तिनं गोधडीकडे बघितलं. गोधडीवर काही नव्हतं. बसलेल्या माणसाचा खळगा तेवढा होता, आणि तो हळूहळू वर येत होता.

"येते हं मावशी," बाहेर कुणीतरी म्हणालं.

तो आवाज क्षितिजानं आयुष्यभर आतून ऐकला होता. बाहेरून आज पहिल्यांदाच ऐकला.

"मिळालं का? बस लवकर, पुढं हिंजवडीला अडकू," जनार्दनराव म्हणाले. गाडीचं दार लागलं.

ती धडपडत उठली. मधल्या खोलीतून धावत दारापाशी आली. उंबऱ्याशी बूट नव्हते. अंगणात गाडी तोंड फिरवून उभी होती आणि पुढच्या सीटवर, बाबांच्या शेजारी, हिरवी ओढणी दिसत होती. क्षितिजा ओरडली, "बाबा!" आवाज झाला, तिच्या कानांना ऐकू आला, पण उंबऱ्यात बसलेल्या इंदूबाईशिवाय कुणाची मान हलली नाही. तिनं उंबऱ्यापलीकडे पाय टाकला.

पाय पडला तो आतल्या खोलीत, फळीपुढे, गोधडीवर.

ती पुन्हा धावली. दार सताड उघडं होतं, त्यातून ऊन आत आलं होतं, पेंढ्याचा कण न् कण दिसत होता. तिनं डोळे मिटून उडी मारली. पुन्हा गोधडी. पुन्हा फळी. तिसऱ्या वेळी तिनं चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि नुसतं बघितलं. गाडी रस्त्याला लागली. जनार्दनरावांनी खिडकीतून हात बाहेर काढून इंदूबाईला निरोप दिला, एकदा दाराकडे नजर टाकली. त्या नजरेत दार होतं, म्हातारी होती, सूप होतं. क्षितिजा नव्हती. वाचनालयाच्या दारापुढे उभी असायची तसंच होतं हे. फरक एवढाच की इथं मागून दुसरं कुणी येणार नव्हतं.

ती तिथंच खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली.

इंदूबाईनं सूप बाजूला ठेवलं. "रडू नगं," ती म्हणाली. "पयल्यांदा तीबी अशीच रडली. आठ दिस त्या दाराला धरून हुती. मंग लिवाय बसली आन् गप झाली."

"मावशी, तुम्हाला माहीत होतं... तुम्ही मला थांबवलं का नाही?"

म्हातारीनं लुगड्यावरचा कोंडा झटकला. "मी काय करनार बाय? तूच ठिवलीस खाली." मग डोक्यावरचा पदर सारखा करत हळूच म्हणाली, "आन् खरं सांगू का... मला कुनी का ऱ्हाईना. घरात मानूस पायजे."

"ती परत येईल? उन्हाळ्यात?"

"यील की. यायाच पायजे, आईबाप हायेत." इंदूबाई तिच्याकडे जरा कीव येऊन बघत होती. "पन ती खाली ठिवायची न्हाई. चार म्हैनं हितं बसून सगळं शिकलीया ती."

उन्हाचा पट्टा उंबऱ्यावरून सरकला. क्षितिजा उठली, खोल्यांतून फिरू लागली. कणगीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. कुठंच बसवेना. पायांत मुंग्या येत होत्या, हाताची बोटं सारखी काहीतरी शोधत होती. खिडकीबाहेर खाचरं, पलीकडे डांबरी रस्ता, त्यावरून एस.टी. गेली. इंदूबाईनं फडताळातून एक वस्तू काढून आणली आणि फळीवर ठेवली. नवी, कोरी, दोनशे पानी वही.

"सकाळीच आनायला सांगितली तिनं," ती म्हणाली. "म्हनली, आज लागंल."

क्षितिजाला बसायचं नव्हतं. ती पाठ फिरवून उभी राहिली, हात काखेत दाबून. किती वेळ, कोण जाणे. मग ती गोधडीवर बसलेली होती आणि निळा पेन तिच्या बोटांत होता, आणि बोटांची ती तगमग थांबली होती. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला कुठं जायची घाई वाटेना. याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

हात हलायला लागला. ती बघत राहिली. अक्षर तिचंच होतं, 'र'लाही तोच फाटा.

*पौड मागं पडलं. बाबांनी विचारलं, भूक लागली का. म्हटलं, खूप. रस्त्यात वडापाव घेतला. दोन खाल्ले.*

*बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "क्षिती, आज तू आल्यासारखी वाटतेस बघ."*

पेन ओळीच्या टोकाशी थांबला. क्षितिजानं जीव खाऊन तो वर उचलायचा प्रयत्न केला. तो उचलला गेला नाही. थोडा विचार केल्यासारखा तो पुढच्या ओळीवर आला, आणि नीट, सावकाश, परीक्षेत शेवटचं उत्तर लिहावं तसं लिहिलं:

*मी हसले. मागं वळून बघितलं नाही.*